कोल्हापूर, मुरगूड, जोतिबा: हौसाच्या भावाचा नवस

कोल्हापूरला जायचं ठरलं ते हौसाच्या भावाच्या निरोपामुळे. त्यांच्या मुरगूडचा एक माणूस पुण्याला आला होता, तो सांगून गेला, "ऐतवारी पावणं बघायला येणार हायत. शिवादादानं बोलवलंय."

ही पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी, विमल, मुलींच्या शाळेत शिकवायचे आणि हौसा नर्स होती. पुण्यात एका खोलीत दोघी राहायचो. मैत्रिणी आहोत असं मालकीणबाईंना सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. नवराबायकोत असते तशी आमची एकमेकींवर माया होती. त्याला आमच्याकडे तेव्हा शब्दसुद्धा नव्हता. आता नातींच्या वयाच्या मुली तो सहज बोलतात, म्हणून नव्वदी ओलांडल्यावर हे लिहायचा धीर झालाय.

त्या काळात जिन्यावर पाऊल वाजलं तरी माझी छाती धडधडायची. शिक्षकांच्या खोलीत बोलता बोलता तोंडून "आम्ही" निघालं की जीभ चावायची. डोकं सतत दुखायचं, झोप यायची नाही. डॉक्टरांनी टॉनिक दिलं आणि वर फुकटचा सल्ला, "लग्न करून टाका, सगळं बरं होईल."

"तूबी चल," हौसा म्हणाली. "मी न्हायच म्हणणार हाय. पर तू शेजारी असलीस तर पाय लटपटायचे न्हाईत."

तेव्हाची कोल्हापूरची गाडी मीटरगेज. खिडकीशी बसलं की डोळ्यांत कोळशाची कणी जायचीच. मिरजेनंतर दोन्ही बाजूंना ऊस सुरू झाला. कोल्हापूर स्टेशनवर उतरताच हौसाचा आवाज दुप्पट झाला. टांगेवाल्याशी ती अशी भांडली की मला वाटलं आता मारामारी होणार. पण शेवटी दोघंही हसले आणि भाडं निम्म्यावर आलं. गंगावेशीत समोर म्हैस पिळून दिलेलं दूध आम्ही उभ्यानं प्यायलो. मिशा फुटल्यासारखा फेस ओठांवर आला. तुम्ही गेलात तर हे चुकवू नका, जेवण मागाहून करा.

देवळाजवळच्या धर्मशाळेत कारकुनानं विचारलं, "एकमेकींच्या कोण?"

"मावसबहिणी," मी घाईनं म्हटलं. हौसानं माझ्याकडे एकदा बघितलं आणि पिशवी उचलली.

दुसऱ्या दिवशी कागलमार्गे मुरगूडची एसटी धरली. धूळ एवढी की उतरल्यावर दोघींचे केस पिकलेले. हौसाचे आईवडील ती लहान असतानाच गेले होते. तिला वाढवलं, शिकवलं ते शिवादादानं. तो तुटला असता तर तिला माहेरच उरलं नसतं. मला तीच भीती होती.

नवरामुलगा आणि त्याचे चुलते बाहेरच्या सोप्यात येऊन बसले. हौसा पोह्यांच्या बश्या आणि चहा घेऊन गेली, मी दाराशी उभी. चुलत्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "ह्या बाई कोण?"

मी तोंड उघडलं, पण हौसाच आधी बोलली.

"ही विमल. मी हिच्यासंगं ऱ्हाते, जलमभर हिच्यासंगंच ऱ्हाणार. मला लगीन करायचं न्हाय. तुमास्नी फुकट हेलपाटा पडला, माफी असावी."

चुलत्यांनी चहा संपवला, बशी पालथी घातली आणि पाहुणे उठले. शिवादादा शेताकडं निघून गेला.

हौसाच्या वहिनी चुलीपुढं भाकरी थापत होत्या. मला जवळ बसवून घेत त्या म्हणाल्या, "हौसा दवाखान्यातनं दमून येती, तिला गरम जेवाण कोण वाढतंय?"

"मी."

"आनि तुला ताप आला तर?"

"हौसा बसते उशाशी."

त्यांनी भाकरी उलटली. "मग आनि काय बघायचं असतंय माणसात?" म्हणाल्या, आणि माझ्या ताटात लोण्याचा गोळा टाकला.

पहाटे शिवादादा स्वच्छ पटका बांधून अंगणात उभा होता. "चला. जोतिबाला जायाचं हाय."

परत एसटीनं कोल्हापूर, तिथून डोंगराचा पायथा. चढ दमवणारा आहे. जाणार असाल तर उन्हाच्या आत चढा आणि पाणी जवळ ठेवा. वर त्यानं गुलाल-खोबरं घेतलं. नवस फेडायचाय म्हटल्यावर पुजाऱ्यानं मागं बघत विचारलं, "नवी जोडी कुठाय?"

"आई-बा गेल्यावर मी देवाला बोललोतो," दादा म्हणाला, "माझ्या भनीला तिचं घर मिळू दे, जोडीनं पायावर घालीन. लगीन असं म्हटलं न्हवतं मी." मग आमच्याकडं वळला. "वाका दोघी."

आम्ही वाकलो. त्यानं दोघींवर मूठ-मूठ गुलाल उधळला. "चांगभलं!" तो मोठ्यानं ओरडला. पुजाऱ्यानं क्षणभर आमच्याकडं बघितलं आणि दोघींच्या ओंजळीत प्रसाद घातला.

उतरताना हौसा पुढं होती. दादा माझ्याशेजारी आला. "मास्तरीणबाई, मला समदं समजलं असं न्हाय. पर काल ती बोलली तवा तिचा आवाज कापला न्हाय. तेवढं मला कळतंय की."

पुण्याला परतल्यावर जग काही बदललं नाही. शाळेत मी जपूनच बोलत राहिले, मालकीणबाईंचा डोळा आमच्यावर होताच. पण मला झोप यायला लागली. डोकेदुखी गेली म्हणणार नाही, कमी झाली. आम्हाला दोघींना ओळखणारं एक घर जगात आहे, एवढं माहीत असलं की माणूस किती सहन करू शकतं ते मी अनुभवलं. हौसा जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या घराचे उपकार मी रोज आठवते.

त्या वर्षीच्या भाऊबीजेला शिवादादा गुळाची ढेप खांद्यावर घेऊन पुण्याला आला. मालकीणबाईंनी जिन्यातच अडवून विचारलं, "तुम्ही कुणाचे भाऊ?"

"दोघींचा," दादा म्हणाला, आणि वर येऊन पाटावर बसला.