मंद आहे, साहेब

शाळा तपासायला आलेल्या डिप्टीसाहेबांनी पुस्तकातल्या चित्रावर छडी टेकवली आणि माझ्या वर्गातल्या, तांड्यावरून येणाऱ्या पोरीला विचारलं, "हे कोण?"

चित्रात लेकराला मांडीवर घेऊन बसलेली बाई होती.

"याडी," ती म्हणाली.

"वेडी? कोण वेडी?" साहेब हसले. मग अख्खा वर्ग हसला. ही अशीच आहे का, साहेबांनी मला विचारलं.

याडी म्हणजे आई, बंजाऱ्यांच्या बोलीत. मला हे कुणी सांगायची गरज नव्हती. माझी आईही मला याडीच होती.

"मंद आहे, साहेब," मी म्हणालो.

मी. दुसरं कुणी नाही. हजेरीबुकात तिच्या नावापुढे तो शेरा लिहिलाही मीच, सुबक अक्षरात. असली पोरं ठेवून बाकीच्यांचं नुकसान करू नका, असं साहेब म्हणाले. मी मान डोलावली.

किन्हीराजाजवळच्या त्या गावात मी तांड्यातला आहे हे कुणाला माहीत नव्हतं. लहानपणी याच बोलीपायी माझ्या मास्तरनं मला दिवसभर उन्हात उभं केलं होतं. तेव्हापासून ती बोली मी चारचौघांत काढली नाही. आडनाव गावावरून लावलं. पुस्तकी मराठी घोटून घोटून तोंडात बसवली. एका शब्दापायी हे सगळं जाईल अशी भीती होती. भीती कसली, लाज होती.

पोरगी यायची बंद झाली. आठवड्यानं तिचा बाप शाळेची पाटी परत करायला आला.

"मास्तर, पोरगी म्हनते, रामनवमीले पोहरादेवीच्या जत्रेतल्या गर्दीत तुमी आपल्या मायले याडी म्हनून हाक मारली. मंग सायबाले काहून नाई सांगतलं?"

तो प्रश्न लागला. त्याहून जास्त लागलं ते वेगळंच. मी कोण हे ठाऊक असूनही तो माझ्याशी आमच्या बोलीत बोलला नाही. मराठीत बोलला, परक्याशी बोलतात तसा.

पाटी मी घेतली नाही. त्याच्याबरोबर तांड्यावर गेलो, पोरीसमोर बसलो आणि आमच्या बोलीत बोललो. पुस्तकात छ छत्रीचा होता. छत्री तिनं कधी हातात धरली नव्हती. मी छ काढला आणि म्हणालो, छोरीचा. छोरी म्हणजे मुलगी. मग ब काढला, बाटीचा, म्हणजे भाकरीचा. दिवस मावळेपर्यंत तिनं सात अक्षरं गिरवली. हीच पोरगी सहा महिने माझ्यासमोर मुकी बसली होती.

पुढच्या तपासणीला साहेबांनी हजेरीबुक उघडलं. शेरा खोडलेला होता. कुणी खोडला म्हणून त्यांनी आवाज चढवला.

"मी खोडला, साहेब. तिनं त्या दिवशी बरोबर उत्तर दिलं होतं. खोटं मी बोललो. मीही तांड्यातलाच आहे."

साहेब बदलीचं बोलले, नोकरीचं बोलले. मी शेरा परत लिहिला नाही.

पोरगी पुढे वाचायला शिकली. तिनं मला माफ केलं का, हे मी विचारलं नाही. तो हक्क मला नाही. पण त्यानंतर ज्या ज्या शाळेत गेलो, तिथं पहिल्या दिवशी पुस्तक उघडलं नाही. एकेका लेकराजवळ बसलो आणि विचारलं, तुझ्या घरी कसं बोलतात? धडा तिथून सुरू होतो. मागे पडलेल्या पोराबद्दल कुणाला काही लिहायचंच असेल, तर त्यानं ते माझ्या नावापुढे लिहावं.