वीणा गळ्यात आली ती दुपार

कपाट आवरताना बुक्क्याचा वास आला आणि आष्टीजवळच्या आमच्या गावातला, बहात्तरच्या दुष्काळानंतर ज्वारी पिकली त्या वर्षीचा सप्ताह आठवला. मी नवी सून होते, चारचौघांत तोंडातून शब्द निघत नसे. सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. दुपारी सासऱ्यांना चहा घेऊन देवळात गेले, तर ते एकटेच वीणा घेऊन उभे होते, घामाघूम. पुढच्या पाळीचा माणूस खळ्यावरून आलाच नव्हता. "जल्दी धर, पोरी." "मी, मामा?" "मंग काय देव येऊन धरणार का?" मी वीणा गळ्यात घेतली आणि पहिल्यांदाच मोठ्यानं 'रामकृष्ण हरी' म्हणू लागले. तेवढ्यात सासूबाई आल्या. आता बोलणी बसणार असं वाटलं, तर त्यांनी वाकून माझ्याच पायांवर डोकं ठेवलं. मी दचकून मागं सरकले. "हालू नको! वीणेकऱ्याच्या पाया पडून राह्यले, तुझ्या न्हाई. आज भाकरी मी टाकते." सासरे खांबाला टेकून हसत होते, मी मात्र नाम थांबवलं नाही. देवाला काय आवडतं ते मला आजही नीट सांगता येत नाही, पण त्या दुपारी मी त्याला आवडले असेन.