शेवटच्या घराचा नंबर

रुक्माबाई एक नंबरची भांडकुदळ, आणि तांड्याला तिचा धाक होता हे बरंच होतं. वारंगा फाट्याजवळच्या आमच्या तांड्यात उन्हाळ्यात टँकर येतो. पाणी सगळ्यांना पुरत नाही, म्हणून आधी कोणी भरायचं याच्या चिठ्ठ्या नाईक उत्तमसिंग तांब्यातून काढायचे. नंबर मागे पडला की रुक्माबाई पदर खोचून पुढे व्हायची आणि सगळ्या चिठ्ठ्या परत घालायला लावायची. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. दावणीला एक म्हैस होती, तिच्यासाठी ही सगळी आरडाओरड.

रोजच्या कटकटीला कंटाळून नाइकांनी कुलदीपला गाठलं. तो फाट्यावर कॉम्प्युटरचा क्लास घेतो. त्याने पायथॉनमध्ये प्रोग्राम लिहून दिला. घरांचे नंबर मोबाइलवर आपोआप निघणार, कोणाचा हात लागणार नाही. रुक्माबाईसुद्धा गप्प झाली. यंत्राशी काय कपाळ भांडणार?

पण रस्त्यापासून नाल्यापर्यंत ओळीने दिलेल्या नंबरांतून आधी निघायचे ते मधल्या घरांचेच नंबर. रस्त्याकडच्या टोकाचे लोक मोटरसायकलला कॅन बांधून फाट्यावरून पाणी आणत. नाल्याकडचं शेवटचं घर रुक्माबाईचं. तिची पाळी येईपर्यंत टँकरच्या तळाला गाळ राहायचा. "माझंच नशीब फुटकं," म्हणून ती रिकामी घागर घेऊन परत फिरायची. मुक्या जनावराचे हाल बघवेनात, तेव्हा तिने म्हैस बाजारात नेऊन विकली.

पुढे एकदा कुलदीप पोरांना शिकवत होता. कॉम्प्युटरला नुसतं 'नंबर काढ' म्हणून भागत नाही, कसा काढायचा तेही सांगावं लागतं. एका पद्धतीत सगळ्या नंबरांना सारखी संधी. दुसरीत मधले नंबर ढिगाने येतात, टोकाचे क्वचित, परीक्षेच्या मार्कांसारखे. बोलता बोलता तो थांबला. पाण्याचा प्रोग्राम त्याने पोरांच्या सरावासाठी खोटे मार्क तयार करणाऱ्या जुन्या प्रोग्राममधून उतरवला होता, आणि ती पद्धत बदलायची राहून गेली होती.

"दुरुस्त कर अन् गप बस," त्याने चूक सांगितल्यावर नाईक म्हणाले. गप बसणं नाइकांना जमलं असतं, त्याला जमेना. तो रुक्माबाईकडे गेला.

"काकी, तुमचं नशीब न्हाई. माझी चूक व्हती. नंबर बराबर निघतच नव्हते."

तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने रिकाम्या दावणीकडे पाहिलं.

"माणसाची चूक व्हती व्हय?" ती म्हणाली. "मंग म्या भांडले असते की रे, लेकरा."