सोफा घासायचं मशीन

मी बी.ए. झाले त्या वर्षी आमच्या घरात दोनच विषय चालायचे: माझं लग्न आणि बाहेरच्या खोलीतला सोफा. सोफ्याबद्दल जरा जास्तच बोललं जायचं.

सोफा सागवानी होता, पण त्याचं पॉलिश काळं पडलं होतं. मला बघायला पाहुणे यायचे म्हणून तो उजळणं भाग होतं. सुतार बोलावला असता तर तो दोन दिवसांत घासूनपुसून मोकळा झाला असता. पण आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, काम होण्यापेक्षा ते कशानं करावं यात जास्त रस. बँकेत अधिकारी होते. कुठलीही वस्तू घ्यायची तर वर्षभर चौकशी करायची आणि घेतली की माहितीपत्रक पाठ करायचं, असा त्यांचा स्वभाव. "वस्तू एकदाच घ्यावी, पण जातिवंत घ्यावी," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. आईच्या मते ते फक्त लग्नाच्या वेळीच हे विसरले होते, आणि ती हे त्यांच्यासमोरच म्हणायची.

बँकेतल्या एकांचा मुलगा कुवेतला होता. त्याच्याकरवी आण्णांनी लाकूड घासायचं जर्मन मशीन मागवलं. मुठीत मावेल एवढंच, करड्या रंगाचं. तळाला काचपेपर लावायचा आणि बटण दाबलं की तो तळ असा थरथरायचा की डोळ्यांना नुसतं धूसर दिसायचं. आवाज म्हणाल तर भुंग्याइतका. आण्णा ते चारेक मिनिटं चालवायचे, मग "तापलं असेल" म्हणून बंद करायचे आणि टर्किश टॉवेलात गुंडाळून ठेवायचे. आजारी माणसाला आमच्या घरात एवढी विश्रांती कधी मिळाली नाही. दिवाळी झाल्यावर काम सुरू केलं, संक्रांत आली तरी सोफ्याचा एकच हात घासून झाला होता. तो मात्र आरशासारखा झाला होता, हे कबूल केलं पाहिजे.

ही बातमी कोडोलीला मामाच्या कानावर गेली. मामा शेती करायचा आणि आण्णांच्या जातिवंतपणाला त्याचा जन्माचा विरोध. तो एक दिवस पोतं घेऊन एस.टी.नं आला. पोत्यातून उद्यमनगरातल्या कारखान्यात बनवून घेतलेलं, तसल्याच कामाचं देशी मशीन निघालं. हिरवा रंग फासलेलं, पाट्याएवढं जड.

"दाजी, त्या तुमच्या बाळाला निजू द्या," मामा म्हणाला. "काम झाल्याशी मतलब हाय का न्हाय?"

मशीन सुरू झालं तशी कपाटातली भांडी वाजायला लागली. शेजारच्या काकू घरात गिरणी टाकली काय म्हणून बघायला आल्या. मशीन सोफ्यावरून आपल्या मर्जीनं पळत होतं आणि मामा त्याला रेड्याला आवरावं तसा आवरत होता. पण एका दुपारीत त्यानं आण्णांचा तो एक हात सोडून सगळा सोफा घासून काढला. लाकडावर जिथं तिथं गोल गोल वळ उठले.

"नक्षी कुणी सांगितली होती?" आण्णांनी विचारलं.

"फुकट मिळाली की!" मामा म्हणाला.

मग दोघांचं जुंपलं. पाहुणे तीन दिवसांवर आले तरी पॉलिशचा पत्ता नव्हता. लाकडाचा भुगा मात्र घरभर झाला होता. फोटोंवर, पिठात, माझ्या केसांत. शेवटी आईनं सोफ्यावर चादर टाकली आणि आण्णांनी घासलेला आरशासारखा हात तेवढा उघडा ठेवला.

पाहुणे आले. मुलाच्या वडिलांचा इंजिनाचे भाग बनवायचा कारखाना होता. मुलगा त्यातच काम बघायचा. सोबत मुलाची आई आणि मध्यस्थ. आण्णांनी जर्मन मशीन मुद्दाम टीपॉयवर मांडून ठेवलं होतं, फुलदाणीच्या जागी. मामानं आपलं मशीन त्याच्या शेजारी आणून आदळलं.

मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आले. मुलाच्या वडिलांनी माझं नाव विचारलं, आणि मी ते सांगायच्या आत त्यांची नजर टीपॉयवर गेली.

"हे कुठलं हो?"

झालं. आण्णा खुलले. मुलगा उठून खाली बसला, मशीन उलटं करून त्याचा तळ बघायला लागला. मुलाची आई मला म्हणाली, "जरा उजेडात बस, बाई." मशीन सावलीत बघितलेलं त्यांना चाललं, मला मात्र खिडकीशी बसावं लागलं.

दोन्ही मशिनं आळीपाळीनं चालवून झाली. मुलाच्या वडिलांनी सोफ्यावरची चादर काढली आणि दोन्हीकडच्या लाकडावरून बोटं फिरवली. "वस्तू म्हणावी तर ही," ते जर्मन मशिनाकडं बघून म्हणाले. मामाचं तोंड कडू झालं. पोहे गार झाले.

इतक्यात मुलानं मान वर करून विचारलं, "इथं मिळतो का?"

त्यानं पहिल्यांदाच काहीतरी विचारलं होतं. प्रश्न धड न ऐकताच मी पाठ केलेलं उत्तर दिलं, "हो, सगळा स्वयंपाक येतो."

तो गोंधळून म्हणाला, "नाही, याचा काचपेपर."

मी उठून आत गेले. ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

चार दिवसांनी मध्यस्थ निरोप घेऊन आला. खुर्चीत ऐसपैस बसला आणि म्हणाला, "मुलगी पसंत आहे. मागणं काहीच नाही. देवमाणसं! फक्त ते मशीन तेवढं लग्नात द्यावं, अशी मुलाच्या वडिलांची इच्छा आहे."

आण्णा ताडकन उठले. मी दाराआड उभी होते. मला वाटलं, हुंडा मागितला म्हणून बाप चिडलाय. आता फाडफाड बोलेल. मला त्यांचा अभिमान वाटायलासुद्धा लागला होता.

"मशीन कसं देता येईल?" आण्णा कळवळून म्हणाले. "ते परत मिळायचं नाही हो!"

स्वयंपाकघरातून आई ओरडली, "आणि मुलगी परत मिळती व्हय?"

मामा तिथंच होता. तो पुढं सरकला. "पावणं, माझं घेऊन जावा की. वर ग्रीसचा डबा देतो."

मध्यस्थाला तो अपमान वाटला. चहा अर्धा टाकून तो गेला, आणि त्याच्याबरोबर ते स्थळही गेलं.

मी आत जाऊन हसले. हसता हसता रडायला आलं, मग नुसताच राग उरला. मुलगा मला आवडला होता असं मुळीच नाही. त्याचा चेहरा मी धड बघितलाही नव्हता, त्याचं डोकं सारखं मशिनावर वाकलेलं. पण आपण वाचलो ते कशामुळं, हे कळल्यावर वाचल्याचा आनंद राहत नाही.

जेवताना मी विचारलं, "आण्णा, त्यांनी सोफा मागितला असता तर?"

आण्णांनी घास हातात धरून खरोखर विचार केला. "सोफा दिला असता," ते म्हणाले. आईनं भाकरी त्यांच्या ताटात जरा उंचावरून टाकली. तेव्हा कुठं त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला आणि ते माझ्याकडं बघायचे थांबले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पेपर वाचत होते. मी समोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "मला बी.एड. करायचं आहे. तोवर बघायला कुणाला आणायचं नाही."

एरवी आण्णांनी वर्षभर चौकशी केली असती. कुठलं कॉलेज चांगलं, कुठलं नुसतं स्वस्त, चार माणसांना विचारलं असतं. त्या दिवशी पेपर खाली न घेताच ते म्हणाले, "कर."

ओशाळलेला माणूस लवकर हो म्हणतो, हे मला तेव्हा कळलं. पुढं संसारात या ज्ञानाचा मला बी.एड.पेक्षा जास्त उपयोग झाला.