डाव्या पानावरचे आबा

प्रा. रत्नमाला तायडे, म्हणजे आम्हा सर्वांच्या अक्का, यंदा पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. त्यांची माझी पहिली भेट घडवली ती माझ्या अपयशाने. मी रावेरची, शिक्षणाने नर्स. परदेशातल्या एका रुग्णालयाने मला नोकरी देऊ केली होती, पण इंग्रजी प्रावीण्याच्या परीक्षेत मी सपशेल आपटले. रुग्णालय आणखी एकाच प्रयत्नापुरतं थांबणार होतं. धुळ्याच्या महाविद्यालयातून निवृत्त झालेल्या अक्का जळगावात, मेहरूण भागातल्या आपल्या घरी इंग्रजी शिकवतात असं कळलं आणि मी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले.

त्यांनी आधी माझा निबंध मागितला. मी तो ऐटीत पुढे केला. अवघड शब्दांचं एक जाडजूड पुस्तक मी तोंडपाठ केलं होतं आणि जागा दिसेल तिथे शब्द कोंबले होते. ‘मेटिक्युलस’ म्हणजे कमालीचा काटेकोर. मी घरामागच्या नाल्यालाच मेटिक्युलस करून टाकलं होतं. अक्का हसल्या नाहीत. चष्मा काढून म्हणाल्या, "शब्द बठ्ठा शेतस, बेटा. पण यामा तू कोठे शे?" शब्द सगळे होते, पण त्यांत मी कुठेच नव्हते, हे कळलं आणि मला रडू आलं.

अक्कांची वहीची पद्धत त्यांच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक आहे. डाव्या पानावर आपल्या घरातला खराखुरा प्रसंग लिहायचा, तोही आपल्या बोलीत. तो घरच्या कुणाला तरी वाचून दाखवायचा. त्यांनी ‘बरोबर’ म्हटलं, तरच उजव्या पानावर इंग्रजी शब्द लिहायचा. मोठ्या शहरांतल्या क्लासवाल्यांना हे खूळ वाटेल, वाटो बापडं. सातपुड्याच्या पायथ्याची मुलं याच वहीच्या बळावर परीक्षकासमोर ताठ बसलेली मी पाहिली आहेत.

माझं डावं पान मात्र मेटिक्युलसपाशी कोरंच राहिलं. अर्थ घडाघडा सांगता येई, प्रसंग सापडेना. परीक्षा आठवड्यावर आली, तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या अक्का एसटीने थेट रावेरला आल्या. माझे वडील, आबा, केळीच्या पॅकिंगच्या ठिकाणी हमाली करीत. अक्का तिथेच एका उलट्या क्रेटवर बसल्या आणि म्हणाल्या, "आबा, घड खाली कसा ठेवता, ते हिला दाखवा."

आबा आधी संकोचले. मग खांद्यावरची गादी सारखी करून त्यांनी घड उचलला, गुडघे वाकवले आणि पानांच्या थरावर तो इतका अलगद टेकवला की आवाजसुद्धा झाला नाही. पुन्हा वाकून चारी बाजूंनी पाहिला. "डाग पडला तर माल नापसंत होतो ना, बाई," एवढंच बोलले.

हे मी लहानपणापासून रोज पाहत आले होते आणि त्यात मला कधी काही दिसलं नव्हतं. त्याची मला फार लाज वाटली. अक्कांनी वही पुढे सरकवली. मी लिहून आबांना वाचून दाखवलं, त्यांनी मान डोलावली.

तोंडी परीक्षेत गावाबद्दल विचारलं. मागच्या खेपेला याच प्रश्नावर मी अख्खं पुस्तक ओकले होते. या खेपेला आबांचा घड सांगितला. अवघड शब्द एकच वापरला, मेटिक्युलस, आणि तो नेमका बसला. मला हवे तेवढे गुण मिळाले, नोकरीही मिळाली. निकाल कळवला तेव्हा अक्कांनी माझं अभिनंदन करण्याआधी रावेरला फोन लावला आणि सांगितलं, "आबा, शब्द तुमचा होता."

या गौरवग्रंथासाठी लिहिते आहे म्हटल्यावर अक्कांनी एकच अट घातली: घरी वाचून दाखवल्याशिवाय छापायला द्यायचं नाही. काल ड्युटी संपल्यावर मी हा लेख आबांना फोनवरून सावकाश वाचून दाखवला. ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "मले सम्दं समजलं. बरोबर लिहिलं."

म्हणजे आता उजवं पान लिहायला मी मोकळी आहे. तिथे अवघड शब्द नको, एवढंच लिहिते: अक्का, तब्येत सांभाळा, तुम्ही आम्हाला अजून खूप वर्षं हव्या आहात.