मेणाचा पाय आणि पादुआचा रस्ता

नवस बोलताना माणसाने आधी पत्ता विचारून घ्यावा. मी नाही घेतला.

लेक तीन वर्षांची असताना ताप आला आणि तिचा डावा पाय गेला. गेला म्हणजे होता जागेवर, पण लोंबायचा, ओल्या पंच्यासारखा. आमच्या वसईकडच्या गावात, देवळात, म्हणजे चर्चमध्ये, हरवलेलं शोधून देणाऱ्या संताचा पुतळा आहे. मी त्याच्यापुढे उभी राहिले नि म्हटलं, पोरीचा पाय हरवलाय, शोधून दे. ती चालली तर तिला घेऊन तुझ्या गावी येईन, मेणाचा पाय वाहीन.

मला वाटलं संताचं गाव असेल कुठेतरी गोव्याकडे. माझी शाळा दुसरीपर्यंत. नंतर फादर म्हणाले, "बाई, तो पादुआचा. पादुआ इटलीत."

मी विचारलं, "तिकडे एसटी जाते?"

फादर हसले. म्हणाले, "इथेच वाहा, त्याला पोचतं." पण मी बोलले होते ते त्याच्या गावचं बोलले होते.

नवरा तेव्हा बहारीनला एका हॉटेलात ड्रायव्हर होता. विमानतळावरून पाहुणे आणायचे, पुन्हा सोडायचे. पोरीच्या पायाचं ऑपरेशन, मग सळईचा बूट, मग पुन्हा ऑपरेशन, एकट्याच्या पगारात होणारं नव्हतं. त्याने सलमानियाच्या इस्पितळात धुलाईत माझ्यासाठी काम बघितलं. मी निघाले तेव्हा लेक चार वर्षांची होती, माझ्या सासूच्या कडेवर. सासूला ती बय म्हणायची. ती रडू नये म्हणून मी सांगितलं, "बाजाराला जाऊन येते." तिने हात हलवला. वर ओरडून सांगितलं, "मला काहीतरी आण गं."

नऊ वर्षं झाली त्याला.

ती चालली हे मला पत्रातून कळलं. सासूने कुणाकडून तरी लिहून घेतलं होतं, पोरगी बूट घालून विहिरीपर्यंत गेली. मी ते पत्र चादरींच्या ढिगाऱ्यावर बसून एकेक अक्षर लावत वाचलं. चादरी वाफेने गरम होत्या. मुकादमीण ओरडली, "यल्ला, यल्ला!" म्हणजे चला, आवरा. मी उठले. चादरी पिळायच्या होत्या.

दर दोन वर्षांनी महिनाभर रजा मिळायची. घरी गेले की लेक बयच्या पाठीमागून बघायची. मी वेणी घालायला बसवलं तर मान ताठ करून बसायची, न्हाव्यापुढे बसतात तशी. एकदा तिला शेजारणीला सांगताना मी ऐकलं. ती म्हणत होती, "माझा पाय असा म्हणून आय गेली. चांगली असते तर राहिली असती." मी मागच्या दाराने विहिरीवर गेले नि नको असताना दोन हंडे भरले. काय सांगणार होते? बाजाराला जाते म्हणून गेलेली बाई मी.

म्हणून ती तेरा वर्षांची झाल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, आता नवस फेडू. नवस खरा होता. पण आठ दिवस ती माझ्यासोबत एका गाडीत बसेल, बय नसेल, मागच्या दाराने जायला मी मोकळी नसेन, हेही मनात होतं. नवरा लगेच तयार. रोमला विमानाने उतरायचं, भाड्याची गाडी घ्यायची, पादुआपर्यंत जायचं नि यायचं. हॉटेलातल्या ऑफिसच्या माणसाने तिकिटांचं आणि व्हिसाचं बघितलं. शाळेच्या नाताळच्या सुट्टीत लेक ओळखीच्या एका कुटुंबाबरोबर बहारीनला आली. नाताळ इथे करायचा, दुसऱ्या दिवशी निघायचं.

एका इटालियन पाहुण्याने नवऱ्याला रस्त्यांचा नकाशा दिला होता. तो आम्ही जेवायच्या टेबलावर पसरला. टेबल संपलं, नकाशा उरला. नवरा त्यावर अंगठा ठेवून मोजायचा.

"हे बघ, रोम ते पादुआ चार अंगठे. सकाळी निघालो की जेवायला पादुआत."

लेक ताट मांडीवर घेऊन खाली मान घालून जेवत होती. मी म्हटलं, "अंगठा म्हणजे किती?"

"अगं, घरून, सनाबिसहून बुदैयाला जातो ना आपण? तसं थोडं लांब."

तो गाडी शिकला बहारीनमध्ये, चालवली बहारीनमध्ये. सगळं बेट पालथं घातलं तरी चहा गार होत नाही. त्याच्या हिशेबात लांब म्हणजे बुदैया. त्या पाहुण्याने त्याला हातवारे करून सांगितलं होतं, मध्ये डोंगर आहेत, बर्फ पडला तर चाकांना साखळ्या बांधा.

"साखळ्या?" नवरा घरी येऊन सांगत होता. "गाडी काय कुत्रं आहे?"

लेकीने तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. "बाबा, तुम्ही घाटात चालवलीय गाडी?"

"घाट काय, चढ नि उतार."

"पण चालवलीय?"

नवऱ्याने नकाशाची घडी घालायला घेतली. ती त्याला घालता येईना.

मग ती म्हणाली, "मला नाही यायचं."

मी विचारलं, "का गं?"

"लंगडी पोर देवाला दाखवायला न्यायची आहे ना? गावात दाखवून झालं, आता तिकडे." आणि ताट उचलून मोरीत ठेवायला गेली. नवरा म्हणाला, "येईल. पोरच ती." मला तसं वाटलं नाही. मला वाटलं, तिकिटं येतील, व्हिसा येईल आणि ही येणार नाही.

शुक्रवारी सुट्टी होती. नवरा म्हणाला, चला, घाट शिकून येतो. बहारीनमध्ये डोंगर एकच, दुखानचा. त्याला डोंगर म्हणायचं तर आमच्या तुंगारेश्वराच्या डोंगराची माफी मागून म्हणावं लागेल. पण चढ होता. लेक मागे बसली, मी पुढे. अर्ध्या चढावर नवऱ्याने गाडी मुद्दाम थांबवली. म्हणाला, "आता बघा, चढावर गाडी कशी उठवतात." क्लचवरचा पाय सोडला, गाडी बंद. पुन्हा चालू केली, गाडी मागे. मी ओरडले. मागून एक अरब म्हातारा पिकअपमध्ये येत होता, त्याने लांबूनच गाडी बाजूला घेतली, जवळ येऊन खिडकीतून वाकून बघितलं आणि विचारलं, "मफी ब्रेक?" ब्रेक नाहीत का, म्हणून.

लेक हसली. नुसती नाही, पोट धरून. "बाबा, इटलीचे लोक पण बाजूला होतील ना?" नवराही हसायला लागला. चौथ्या वेळेला गाडी चढली. आम्ही तिघांनी टाळ्या वाजवल्या, त्यात त्याच्या स्वतःच्याही.

घरी आल्यावर सगळ्यांना तहान. लेक बर्फाला फ्रिजकडे गेली. बर्फाच्या खणाचं झाकण उघडून तिने आत हात घातला आणि सुरमईच्या मागून एक पुडकं काढलं. प्लास्टिक, आत वर्तमानपत्र, आत तो पाय.

"हे काय आहे?"

मी सांगितलं, "पाय. नवसाचा."

"फ्रिजमध्ये?"

"बाहेर ठेवला तर वितळतो. एका उन्हाळ्यात लाईट गेली तेव्हा बोटं चिकटली बघ."

ती तो उलटापालटा करत होती. गुडघ्याखालचा, पिवळट, तळहातभर पाऊल, त्यातली बोटं एकमेकांत मिसळलेली. मग तिने फ्रॉकची कड वर घेतली नि तो आपल्या पायाशेजारी धरला. तिच्या पोटरीच्या निम्म्यालाही पोचेना.

"इतका लहान कुणाचा?"

"तुझा. मी निघाले तेव्हा एवढाच होता. मी दुकानदाराला हाताने माप दाखवलं."

"कधी घेतलास?"

"त्याच दिवशी. विमानाला जाताना बांद्र्याला उतरले, डोंगरावरच्या माउलीच्या देवळाच्या पायऱ्यांवरच्या दुकानात, तिथे नवसाचे मेणाचे हातपाय मिळतात. तुझी आत्या सोबत होती. ती म्हणाली, बांद्र्याचा पाय बांद्र्यालाच वाहतात, पोर चाललेली नाही नि तू पाय घेऊन कुठे निघालीस? मी म्हटलं, चालेल ती."

बर्फाचा खण उघडाच होता, त्यातून धूर येत होता. मग लेक म्हणाली, "म्हणजे बाजाराला गेली होतीस खरी."

"गेले होते."

"आणि माझ्यासाठी आणलंस."

"आणलं. द्यायला उशीर झाला."

तिने फ्रिजचं दार लावलं. पाय हातातच होता. "मी तिथे गुडघ्यावर बसणार नाही. बसता येत नाही मला. उठताना कुणी धरलेलं आवडत नाही."

"नको बसू. उभी राहा. तेवढंच तर मागितलं होतं त्याच्याकडे."

दुसऱ्या दिवशी कामावरून आले तर टेबलावर नकाशा पुन्हा पसरलेला. नवऱ्याच्या अंगठ्याची सत्ता गेली होती. लेकीने शाळेची पट्टी घेऊन सगळं नव्याने मोजलं होतं. चार अंगठ्यांचे दोन दिवस झाले. "डोंगर दिवसाउजेडी. थंडीत तिकडे पाचच्या आत अंधार पडतो. बाबा, मध्ये फ्लोरेन्सला मुक्काम, आणि बर्फ असला तर तिथेच थांबायचं, साखळ्या बांधायच्या नाहीत." नवरा म्हणाला, "बरं मॅडम."

आणि माझ्यासाठी तिने बिस्किटांच्या खोक्याचे पुठ्ठे कापले होते. एकेका पुठ्ठ्यावर एकेका गावाचं नाव, वर पाटीवर दिसेल तसं इंग्रजी अक्षरांत, खाली मराठीत, मोठ्या अक्षरात, मला लावता येईल असं. रोम. फ्लोरेन्स. बोलोन्या. पादुआ. "तू पुढे बसायचं. पाटी दिसली की पुठ्ठ्याशी जुळवायची आणि बाबांना सांगायचं. मी मागून बघणार." नोकरीत मला कुणी वाचायचं काम दिलं नव्हतं. मी ते पुठ्ठे उशीखाली ठेवून पाठ केले.

नाताळचे फुगे, ते मैद्याचे गोल वडे, तळले, बांधून घेतले. जाड लोकरीचे मोजे सगळ्यांना आणले होते. बॅग भरताना लेकीने आपल्या मोज्यांतला एक उचलला नि मेणाच्या पायात चढवला, वरपर्यंत ओढला.

"थंडी वाजेल त्याला," म्हणाली.

"मग तुला एकच राहिला."

"उजव्याला पुरे. डावा बुटात असतो, त्याला गरम होतं."

मी तो पाय माझ्या पर्समध्ये घ्यायला हात पुढे केला. तिने दिला नाही.

"तुझ्याकडे नको. तुला धुलाईची सवय. पिळून टाकशील."

मी हात मागे घेतला. विमानतळापर्यंत तो तिच्याच मांडीवर होता.