उजव्या हाताचं बँडेज

किनवटहून कोल्हापूरला आले तेव्हा एका शूटिंगच्या युनिटमध्ये कपड्यांना इस्त्री करायचं काम मिळालं. उचगावात एक बंगला भाड्याने घेतला होता, तिथे मोबाइलवर बघायच्या दीड-दोन मिनिटांच्या भागांच्या मालिका व्हायच्या. काही महिन्यांनी दिग्दर्शक सरांनी माझ्या हातात वही दिली. कंटिन्युइटी बघायची, म्हणजे आधीच्या शॉटमध्ये वेणी कुठल्या खांद्यावर होती, पदर कुठं खोचला होता, ते टिपून ठेवायचं.

"दहावी झालीस न्हवं?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणाले. माझी शाळा सातवीतच सुटली होती. लिहिता येतं मला, पण फार सावकाश, आणि शॉट काही थांबत नाही. म्हणून मी वहीत चित्रं काढायचे. कुणी वही मागेल या धास्तीनं ती कायम पोटाशी धरलेली असायची. इतका विश्वास तोवर कुणी टाकला नव्हता माझ्यावर.

मालिकेची नायिका आठ वर्षांची. आजोबांच्या कंपनीचे कागद एका नजरेत वाचणारी, दर भागात कुणा काकाचं, कुणा वकिलाचं खोटं सगळ्यांसमोर उघडं पाडणारी. मोठा माणूस मान खाली घालतो, भाग संपतो. ते काम करणारी पोरगीही तसलीच. इंग्रजी शाळेतली, मराठी वाचताना अडखळायची, पण एकदा ऐकलं की पाठ. तिचे संवाद मी वाचून दाखवायचे. "लगेच बोलू नको. आधी त्याच्याकडे बघ, मग बोल," हेही मीच शिकवलं.

एकदा तिनं विचारलं, "ताई, तू चित्रं का काढतीस गं वहीत?" मी खरं सांगून टाकलं. तिनं गळ्याला हात लावून शपथ घेतली.

त्या दिवशी गोष्टीत तिचा उजवा हात दुखावलेला होता, बँडेज बांधलेलं. जेवायच्या सुट्टीत म्हणाली, "डाव्या हातानं जेवू व्हय?" मी बँडेज सोडून दिलं आणि बजावलं, शॉटच्या आधी माझ्याकडूनच बांधून घे. मग वर साड्या घ्यायला गेले. तेवढ्यात तिनं स्वतःच गुंडाळलं. उजव्या हातानं गुंडाळणार, म्हणजे डाव्यावरच की. मी खाली आले तोवर चार शॉट झाले होते.

सर तापले. "कुणी बांधलं हे?"

"ताईनं," ती म्हणाली.

माझ्याकडे पुरावा होता. वही उघडली तर उजवा हात स्पष्ट दिसणार होता. उघडली तर बाकीचंही दिसणार होतं. तरी मी उघडली, कारण काम जायची वेळ आली होती.

सरांनी पानं उलटली. "उजवाच हाय की. पण ही चित्रं कसली? लिवलंय कुठं?"

पोरगी लगेच बोलली नाही. आधी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "तिला लिवाय जमत न्हाई. सातवीतनं शाळा सोडलीया. दहावी खोटं हाय."

कॅमेरा बंद होता. सगळं युनिट माझ्याकडे बघत होतं. मान खाली घालायला मला कुणी शिकवलं नव्हतं, ती आपोआप खाली गेली.

सरांनी काढून टाकलं नाही. "इस्त्री कर पहिल्यासारखी," एवढंच बोलले आणि वही दुसऱ्या कुणाकडे दिली. कामावर ठेवलं त्याबद्दल मी आजही त्यांचे उपकार मानते. हात कुठला, ते मी बरोबर टिपलं होतं, हे मात्र पुन्हा कुणी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगी संवादांचा कागद घेऊन इस्त्रीच्या खोलीत आली. "ताई, वाच की."

मी वाचला. नाही म्हणायची माझी ऐपत नव्हती. तिनं एका दमात सगळा म्हणून दाखवला, एकही शब्द चुकला नाही. एरवी मी शाब्बास म्हणायचे. ती उभी राहिली, वाट बघत. मी पुढची साडी पसरली.